घरातला कारखाना आणि त्याचा उजेड

सुरुवात एका चित्रापासून करू, म्हणजे विषयात शिरायला सोपं जाईल. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराचं ‘सुतार संत जोसेफ’ नावाचं चित्र आहे. सतराव्या शतकातलं, १६४० च्या आसपासचं. रात्रीची वेळ. म्हातारा जोसेफ वाकून एका लाकडी तुळईत गिरमिटाने भोक पाडतो आहे. समोर बाळ येशू, हातात मेणबत्ती. त्याचा एक हात ज्योतीच्या आड आहे आणि बोटांच्या मांसातून उजेड तांबूस झिरपतो आहे.

या चित्रावर पुष्कळ लिहिलं गेलंय. तुळई म्हणजे पुढच्या क्रूसाची सूचना, मेणबत्ती म्हणजे श्रद्धा, वगैरे. ते सगळं मान्य. आम्ही मात्र आज तुम्हाला हे चित्र सुताराच्या बाजूने बघायला सांगणार आहोत. चित्रात सगळ्यात उजळ काय आहे? मुलाचा चेहरा. त्याच्या खालोखाल जोसेफचं कपाळ. आणि जिथे काम चाललंय, म्हणजे गिरमिटाचं टोक जिथे लाकडात शिरतंय, तिथे? तिथे मिणमिणता अंधार. शिवाय ज्योत जोसेफच्या तोंडासमोर आणि काम पार खाली, पायाशी. त्याने मान वर केली की डोळे दिपणार, खाली घातली की काही क्षण काही दिसणार नाही. अशा उजेडात भोक सरळ पडेल का? एखाद्या सुताराला विचारून बघा. तो म्हणेल, पोराला जरा इकडे, डाव्या अंगाला बसवा आणि मेणबत्ती खाली धरायला सांगा. (हशा)

चित्रकाराचं यात काही चुकलेलं नाही. त्याला तुमच्या-आमच्यासाठी, बघणाऱ्यांसाठी उजेड हवा होता. पण हे चित्र आम्ही निवडलं ते एवढ्यासाठी, की आपल्या घरांमधला उजेडही असाच बघणाऱ्यासाठी लावलेला असतो. हॉलमध्ये आलेल्या पाहुण्याचं तोंड दिसावं, भिंतीवरची फ्रेम दिसावी, खोली भरलेली वाटावी, ही त्यामागची कल्पना. वायरमन येतो, दारावरच्या भिंतीला सात फुटांवर एक ट्यूब ठोकतो आणि जातो. मग त्याच खोलीत कुणी शिलाईचं मशीन ठेवतं, कुणी साड्यांना फॉल लावतं, कुणी घड्याळं दुरुस्त करतं, निवृत्त झालेला एखादा गृहस्थ हौसेने लेथ आणून बसवतो. काम बदललं, उजेड तोच राहिला. ट्यूब पाठीमागे, माणूस भिंतीकडे तोंड करून, आणि स्वतःच्याच डोक्याची सावली स्वतःच्या हातावर. घरी काम करणारी लाखो माणसं या सावलीत बसलेली आहेत, आणि त्याबद्दल आपल्याकडे टीका नावाची गोष्ट झालेली नाही. इमारतीवर टीका होते, फर्निचरवर होते. उजेडाबद्दल आपण फार तर ‘लख्ख आहे’ किंवा ‘अंधुक आहे’ एवढंच म्हणतो.

उदाहरण म्हणून पेण घेऊ. पेणचे गणपती सगळ्यांना माहीत आहेत. घराघरांतून, पडवीत, परसातल्या शेडमध्ये मूर्ती घडतात आणि त्या जागेला तिथे ‘कारखाना’च म्हणतात. शब्द नीट ऐका. १९४८ च्या कारखाने कायद्यात उजेडावर एक स्वतंत्र कलम होतं, सतरावं. त्यात नुसतं ‘पुरेसा उजेड हवा’ एवढं म्हणून कायदा थांबला नव्हता. उजेड योग्य हवा, डोळे दिपवणारी तिरीप नको, आणि डोळ्यांना ताण पडेल किंवा अपघात होईल अशा सावल्या नकोत, असं त्यात होतं. आम्हाला विचाराल तर उजेडाची इतकी चांगली व्याख्या नंतरच्या कुठल्याही जाहिरातीत झालेली नाही. प्रमाण, तिरीप आणि सावली, तिन्ही गोष्टी आल्या. पण हा कायदा ठरावीक संख्येने कामगार असलेल्या जागेला लागू होता. बापलेक, सून आणि दोन पोरं मिळून चालवतात तो कारखाना लोकांच्या तोंडी कारखाना, कायद्याच्या लेखी घर. तिथे कुणी तपासनीस येऊन ‘तुमच्या हातावर सावली पडते’ असं म्हणणार नाही.

आता कामाचं वेळापत्रक पाहा. चतुर्थी भाद्रपदात. म्हणजे रंगकाम आणि शेवटचा हात आषाढ-श्रावणात. कोकणातला आषाढ-श्रावण! भर दुपारी दिवे लावावे लागतात, आभाळ उतरलेलं, पाऊस आत येऊ नये म्हणून शेडला प्लास्टिक बांधलेलं, म्हणजे जो काही नैसर्गिक उजेड होता तोही अडवलेला. वीज जाते ती वेगळीच. आणि या सगळ्या काळोखात वर्षातलं सगळ्यात बारीक काम करायचं असतं, ते म्हणजे आखणी. डोळे आखायचे. बुबुळ एका केसाने सरकलं की गणपती तिरळा दिसतो, भाव जातो. हे काम कारखान्यातल्या मुरलेल्या माणसाकडे असतं, म्हणजे बहुधा वयाने मोठ्या माणसाकडे. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं, त्याला इलाज नाही. तेव्हा हिशेब असा झाला: वर्षातलं सगळ्यात नाजूक काम, वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या महिन्यांत, घरातल्या सगळ्यात थकलेल्या डोळ्यांनी. आणि त्याच्यासाठी उजेड कोणता? छताची ट्यूब.

ही छताची ट्यूब आखणीला का चालत नाही, ते जरा खोलात जाऊन पाहू, कारण इथेच सगळं रहस्य आहे. मूर्तीच्या डोक्यावर मुकुट असतो. उजेड थेट वरून आला की मुकुटाची आणि भुवईच्या उंचवट्याची सावली नेमकी डोळ्याच्या खोबणीत पडते. म्हणजे जिथे काम करायचं तिथेच अंधार, आणि पोट, सोंड, पाट मात्र लख्ख. त्यात आखणारा माणूस पुढे झुकतो. त्याचं डोकं मूर्तीच्या आणि ट्यूबच्या मध्ये येतं. दोन सावल्या एकावर एक. मग तो मान वाकडी करतो, उजेडाला वाट करून देतो. दिवसाला कितीतरी मूर्तींसाठी मान वाकडी. मानदुखीचं कारण आपण म्हणतो वय. अहो, अर्धं कारण छताला टांगलेलं असतं.

बरं, आणखी एक ट्यूब लावली तर? बहुतेक लोक हेच करतात. उजेड वाढतो, सावली जरा फिकी होते, पण तिची जागा तीच. सावली हा दिशेचा प्रश्न आहे आणि दिशेच्या प्रश्नाला प्रमाणाचं उत्तर देऊन भागत नाही. उजेड समोरून, मूर्तीच्या तोंडाच्या पातळीपेक्षा थोडाच वर, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूने यायला हवा, म्हणजे ब्रशची आणि बोटांची सावली उजवीकडे, कामाबाहेर पडते. डावखुरा असेल तर उलट. उजवीकडून एक मंद दिवा असावा, सावली बोथट करायला. पण दिवा समोर आणि खाली आणला की तो डोळ्यात खुपणार. म्हणून त्याला टोपी हवी, अशी की बसलेल्या माणसाला दिव्याचा उजेड दिसेल, दिवा दिसणार नाही. पत्र्याचा जुना डबा कापून केलेली टोपी चालते. चमकणारं आतलं अंग रंगवून पांढरं करा म्हणजे झालं.

अजून एक अडचण आहे. आजकाल मोत्यासारखी झाक असलेले रंग, सोनेरी मुलामा, वरून वॉर्निश. ओल्या चकचकीत पृष्ठभागात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. उघडा बारका एलईडी असला तर बुबुळाच्या जागी तुम्हाला रंग न दिसता पांढरा ठिपका दिसतो. इथे दिवा प्रखर असून उपयोग नाही, मोठा आणि मऊ हवा. दुधी काचेचा, नाहीतर पुढे बटर पेपर ताणलेला. खिडकीचा उत्तरेकडचा उजेड चित्रकारांना का आवडतो? तो एका मोठ्या चौकोनातून येतो आणि आपल्याकडे बहुतेक वर्षभर त्यात थेट ऊन नसतं. तसाच एक छोटा चौकोन आपण टेबलावर तयार करतो आहोत, एवढंच.

आता प्रमाणाबद्दल. हे लवकर उरकू, कारण आकडेमोड सोपी आहे आणि दुकानदार याच्यापलीकडे जात नाहीत. उजेड किती निघाला ते ल्युमेनमध्ये मोजतात, कामावर किती पडला ते लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन म्हणजे एक लक्स. वीस वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. भिंती आणि छत निम्मा उजेड गिळतात असं धरा. कामाच्या पातळीवर उरले नव्वद-शंभर लक्स. जेवायला-बोलायला ठीक. बारीक सुतारकाम, शिवण, रंगकाम यांना ५०० ते ७५० लक्स लागतात, घड्याळासारख्या कामाला हजाराच्या पुढे. म्हणजे नुसत्या छतावरून भागवायचं तर पाच ते आठ ट्यूब! पण तोच ५००-६०० ल्युमेनचा छोटा दिवा टोपीसकट कामापासून अर्ध्या मीटरवर आणा, सातशे लक्स सहज मिळतात. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, हा नियम शाळेत शिकलो ते इथे वापरायचं. मात्र बाकीची खोली काळीकुट्ट ठेवू नका. हातावर सातशे आणि आजूबाजूला दहा असं असलं की नजर वर उचलल्यावर डोळ्यांना दरवेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. छताची ट्यूब असू द्या, भिंतींना चुना मारा. पांढरी भिंत सत्तर टक्क्यांच्या वर उजेड परत देते, काळवंडलेली फळी दहा-वीस टक्के. चुना हा सगळ्यात स्वस्त दिवा आहे.

युरोपात लेस विणणाऱ्या बायका आणि जोडे शिवणारे चांभार पाण्याने भरलेला काचेचा गोळा मेणबत्तीपुढे ठेवत. गोळा भिंगाचं काम करी, आणि एका मेणबत्तीचा झोत नेमका हातावर येई. एका मेणबत्तीभोवती कितीतरी बायका बसत, आणि जवळची जागा कुणाला यावर त्यांच्यात क्रम असे. गरिबीतलं हे शहाणपण आहे, त्याचं कौतुक करताना आम्हाला त्या मागच्या रांगेतल्या बाईचीही आठवण होते. उजेड कुणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न तेव्हाही होता. आजही एका खोलीत चार मशिनं असली की खिडकीजवळचं मशीन कुणाचं, हे बघा.

रंगाचं बोलू. आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र, निळसर उजेडाचं फार वेड. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं, ‘कूल डेलाइट’ म्हणतात, आणि लोकांना वाटतं हा शुद्ध उजेड. केल्विनचा आकडा फक्त उजेडाची छटा सांगतो, पिवळट की निळसर. त्या उजेडात वस्तूंचे रंग खरे दिसतील की नाही, हे तो सांगत नाही. त्याच्यासाठी दुसरा आकडा असतो, सीआरआय, कमाल १००. जुन्या तारेच्या बल्बचा जवळजवळ शंभर असे. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास. आणि इथे एक मेख आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो आर-नऊ नावाने वेगळा मोजतात. सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-नऊ शून्याच्या आसपासही असू शकतो.

म्हणजे आपल्या कामासाठी काय? गणपतीचं अंग गुलाबी, गंध लाल, शेला लाल, जास्वंद लाल. शिंप्याकडे येणारे खण आणि लुगडी लाल-जांभळी. सागाचं पॉलिश तांबूस. आपल्या घरगुती कारागिरीचा निम्मा रंगपट ज्या भागात आहे, नेमका तोच भाग हा दिवा नीट दाखवत नाही आणि खोक्यावरचा आकडा ते लपवतो. मग रात्री जुळलेला दोरा सकाळी कापडावर ओरडतो. रात्री ठीक वाटलेला गुलाबी दिवसा आजारी दिसतो. कारागीर स्वतःच्या नजरेला दोष देतो, गिऱ्हाईक कारागिराला. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त असं लिहिलेला दिवा मागा. थोडा महाग मिळेल, सगळीकडे मिळणार नाही. सगळे बदलायची गरज नाही. रंग जिथे पारखायचा तिथला एक बदला. छटा ४००० ते ५००० केल्विनची ठेवा.

यंत्र ज्यांच्या घरात आहे त्यांनी आता कान द्या, कारण इथे प्रश्न बोटांचा आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. स्वस्त एलईडीमध्येही, आतलं सर्किट काटकसरीचं असेल तर, हेच होतं. डोळ्याला ते कळत नाही. पण समजा लेथ १४४० फेऱ्यांनी फिरतो आहे, म्हणजे सेकंदाला २४, आणि त्याला चार जबड्यांचा चक आहे. दोन लखलखाटांच्या मधे चक पाव फेरीला किंचित कमी एवढा फिरतो. चारही जबडे सारखे, त्यामुळे डोळ्याला वाटतं की चक जवळजवळ जागेवर आहे आणि उलट्या दिशेने संथपणे, सेकंदाला एक फेरी अशा वेगाने सरकतो आहे. आवाज पंख्यात आणि रेडिओत बुडालेला. अशा वेळी हात पुढे जातो. मोठ्या कारखान्यांत शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकून यावर उपाय करत, एक मंद होताना दुसरा उजळायचा. लेथवर मुद्दाम तारेचा बल्ब लावायचीही पद्धत होती, कारण तापलेली तार तेवढ्यात विझत नाही. घरात सहसा एकच फेज असते. तेव्हा पारख करूनच दिवा घ्यायचा. पारख फुकटातली आहे. दिव्याखाली पेन्सिल हातात धरून भराभर हलवा. धूसर पंखा दिसला तर ठीक. सुट्ट्या सुट्ट्या दहा पेन्सिली दिसल्या तर तो दिवा मोरीत लावा, यंत्रावर नको.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, म्हणजे जास्तीत जास्त उजेड करत सुटायचं. तसं नाही. लोहाराचा साळ आठवा. तो अंधारा असतो आणि असायलाच हवा. तापलेल्या लोखंडाचा रंग, गडद लाल, चेरीसारखा, नारिंगी, यावरून लोहार ठरवतो की घाव कधी घालायचा. उन्हात तो रंग दिसतच नाही, लोखंड काळंच वाटतं आणि हात भाजतो किंवा काम बिघडतं. सुतार मात्र अंगणात बसायचा, झाडाखाली. रंधा मारून झाल्यावर तो फळी डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे करतो, का? उजेड तिरपा, पृष्ठभागाला घासत आला की रंध्याची प्रत्येक खूण डोंगर-दरीसारखी उठून दिसते. समोरून आलेल्या लख्ख उजेडात तीच फळी गुळगुळीत वाटते. मूर्तीच्या अंगावरचे बोटांचे ठसे, पुट्टीचे उंचवटे असेच, तिरप्या दिव्यात एका मिनिटात सापडतात. म्हणजे एकाच मूर्तीला घासताना तिरपा उजेड हवा आणि आखताना समोरचा मऊ. दिवा भिंतीला ठोकलेला असेल तर हे जमणार कसं? म्हणून आमची वायरमन मंडळींशी खरी तक्रार ही आहे की ते उजेड ठोकतात. घरातल्या कारखान्याला हलता दिवा हवा. लवचिक दांडीचा, चिमट्याचा, लांब वायरीचा. दोन पुरतात.

शेडला एक-दोन पारदर्शक पत्रे टाकले तर पावसाळ्यातही दिवसा बराच फरक पडतो, पण ऊन पडलं की खाली शाडू भराभर सुकतो आणि तडकतो, तेव्हा ते उत्तरेच्या उतारावर टाका. वायर ओल्या मातीजवळून नेताना आणि अर्थिंगच्या बाबतीत हयगय नको, ओला हात आणि पत्र्याची टोपी यांची गाठ वाईट. आणि वीज जाते त्यासाठी म्हणून जो छोटा दिवा इन्व्हर्टरवर ठेवाल, तो दारातला ठेवू नका. आखणीच्या पाटावरचा ठेवा. पाहुणा दोन मिनिटं अंधारात उभा राहील, हरकत नाही. अर्धी ओढलेली रेघ थांबत नाही.

वेळ झालेली दिसते. प्रश्न असतील तर घेऊ.